चार्ल्स डिकन्स आणि नाताळचा वाद

डिसेंबर महिना लागला की आपल्या मंडळ्यांमध्ये एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. पवित्र शास्त्रात २५ डिसेंबर ही तारीख कोठेही दिलेली नाही, तेव्हा तो दिवस पाळण्याचा एवढा अट्टहास कशासाठी, असे काही बंधुभगिनींना प्रामाणिकपणे वाटते. गोठ्याचा देखावा, दारावरचा तारा आणि मध्यरात्रीची उपासना यांवाचून ज्यांना वर्ष सरल्यासारखे वाटत नाही, असेही आपल्यात पुष्कळ आहेत. शिवाय अलीकडे तिसराच एक वर्ग वाढला आहे. त्याला ख्रिस्ताशी काही कर्तव्य नसते. केक, लाल टोपी, भेटवस्तू आणि मित्रमंडळींसह जेवण एवढे मात्र हवे असते. हा वर्ग आपला सण पळवून नेत आहे, अशी तक्रार आपल्या व्यासपीठांवरून दरवर्षी ऐकू येते.

आज ज्याचे चरित्र आपणांपुढे ठेवावयाचे आहे, त्याला या तिन्ही पक्षांनी कधी साक्षीदार म्हणून बोलाविले आहे, तर कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हा तो माणूस. त्याची 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटेखानी गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजीच्या तासाला वाचली असेल, किंवा तिचे नाट्यरूप चर्चच्या सभागृहात पाहिले असेल. तिच्या लेखकाची ओळख आपल्याला बहुधा एवढ्यावरच थांबते.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे, कारण हा वाद डिकन्सच्याही कितीतरी आधीचा आहे. ख्रिस्तजन्माची हकीकत मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानकारांनीच दिली आणि दोघांनीही तारीख दिली नाही. रोम येथे २५ डिसेंबर हा दिवस पाळला जात असल्याचा पुरावा चौथ्या शतकापासून मिळतो. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या मंडळीने हा सण बाजूला सारला. तेथे नाताळची सार्वजनिक सुटी सुरू व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये प्युरिटन पक्षाचा जोर असताना, १६४७ साली, पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आणि पन्नासावा दिवस हे सण रद्द ठरविले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी दुकाने उघडी ठेवण्यावरून कँटरबरी शहरात दंगल उसळली. अटलांटिक महासागरापलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये कायदाच केला, की काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून हा दिवस पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड व्हावा. हा कायदा १६८१ पर्यंत टिकून होता. ही माणसे आनंदाची वैरी होती असे समजण्याचे कारण नाही. देवाने आज्ञापिलेला दिवस एकच, तो म्हणजे प्रभुवार. माणसांनी त्यात भर घालू नये, ही त्यांची निष्ठा होती. शिवाय त्या काळचा इंग्लंडमधील नाताळ म्हणजे बराचसा दारू, जुगार आणि रस्त्यातला धिंगाणा होता, हेही विसरून चालणार नाही.

आणि वाचकहो, हे आपल्यापासून वाटते तितके दूरचे नाही. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या परंपरेत वाढले होते, आणि १८२९ साली आलेले डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या. उलट 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांबरोबर, गोवा आणि वसईच्या वाटेने. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांना शास्त्र मिळाले ते, ज्यांच्या पूर्वजांनी हा सण टाकून दिला होता त्यांच्याकडून, आणि सणाचे नाव मिळाले ते, ज्यांनी तो कधीच सोडला नव्हता त्यांच्याकडून! आपल्या मंडळ्यांत या विषयावर एकमत नसले तर त्यात नवल ते काय?

आता डिकन्सकडे वळू.

त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्ट्समथ येथे झाला. वडील जॉन डिकन्स आरमाराच्या वेतन कचेरीत कारकून होते. माणूस दिलदार आणि बोलका, पण हातात पैसा म्हणून टिकावयाचा नाही. कुटुंब लंडनला राहावयास आल्यावर कर्ज वाढतच गेले, आणि १८२४ च्या फेब्रुवारीत त्यांची रवानगी मार्शलसी येथील कर्जदारांच्या तुरुंगात झाली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुढे बायको आणि धाकटी मुलेही तुरुंगातच जाऊन राहिली. बारा वर्षांचा चार्ल्स मात्र बाहेर राहिला. थेम्स नदीच्या काठी, उंदरांनी बुजबुजलेल्या एका मोडकळीस आलेल्या इमारतीत बुटांचे काळे पॉलिश तयार करण्याचा कारखाना होता. तेथे पॉलिशच्या बरण्यांवर कागद बांधून नावाच्या चिठ्ठ्या चिकटविण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. सायंकाळी एकट्याने खोलीवर परतावयाचे, आणि रविवारी वडिलांना भेटावयास तुरुंगात जावयाचे.

काही महिन्यांत वडील सुटले. मुलाने कामावरच राहावे असे तेव्हाही आईचे मत होते, आणि ही गोष्ट तो जन्मभर विसरू शकला नाही. त्या दिवसांची लाज त्याच्या मनात इतकी खोल रुतली होती, की पत्नी आणि जॉन फॉर्स्टर हा जिवलग मित्र यांच्याखेरीज त्याने ही हकीकत कोणापाशी उघड केली नाही. त्याच्या मृत्यूनंतर फॉर्स्टरने लिहिलेले चरित्र छापून आले, तेव्हा कोठे जगाला ती कळली. मी हा भाग लांबवून सांगितला, कारण डिकन्सने पुढे नाताळावर जे जे लिहिले, त्यात उजेडाच्या खिडकीबाहेर कोणीतरी एक मूल थंडीत उभे असतेच. ते मूल कोण, हे त्याच्या समकालीन वाचकांना ठाऊक नव्हते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. वकिलाच्या कचेरीत कारकून, मग लघुलेखक, मग पार्लमेंटच्या चर्चांचा वार्ताहर अशा पायऱ्या चढत तो लेखक झाला. १८३६ साली कॅथरीन हॉगार्थशी त्याचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'पिकविक पेपर्स'ने त्याचे नाव घरोघरी पोहोचविले.

त्याच १८३६ सालचे एक छोटे पुस्तक मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रविवारी सर्व करमणुकींस बंदी घालणारे एक विधेयक त्या वेळी पार्लमेंटपुढे वारंवार येत होते. डिकन्सने टोपणनावाने त्यावर टीका केली. त्याचे म्हणणे असे, की श्रीमंताच्या घरी रविवारीही स्वयंपाकी राबतो आणि गाडी जुंपली जाते, त्याला हा कायदा शिवत नाही. आठवड्यातून एकच मोकळा दिवस मिळणाऱ्या मजुराला मात्र तो घरात कोंडतो. पुढे 'कॅरल'मध्येही हा मुद्दा आला आहे. गरिबांच्या घरी भट्टी नसे. ते आपले जेवण पाववाल्याच्या भट्टीत भाजून घेत. रविवारी ती दुकाने बंद व्हावीत या मागणीचा दोष स्क्रूज नाताळच्या आत्म्याला देतो, आणि आमचे नाव पुढे करून असली कृत्ये करणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही, असे तो आत्मा त्याला बजावतो. डिकन्सच्या धार्मिक विचाराची सगळी ताकद येथे दिसते. त्याची मर्यादाही येथेच दिसते. धर्माचा नियम कोणाच्या ताटातून घास काढून घेतो, एवढे तो अचूक हेरतो. पण शब्बाथ हा मजुरालाच विसावा मिळावा म्हणून दिला होता, हे तो विसरतो.

त्याचा बाप्तिस्मा इंग्लंडच्या चर्चमध्ये झाला होता. १८४२ मध्ये अमेरिकेचा दौरा करून आल्यावर दोन-तीन वर्षे तो लंडनमध्ये युनिटेरियन पंथाच्या उपासनेस जात असे. हा पंथ त्रैक्याचा सिद्धांत मानीत नाही. पुढे तो पुन्हा आपल्या मूळ चर्चकडे वळला. पण पंथापंथांतील तात्त्विक वादांचा कंटाळा त्याला कायमच राहिला. ख्रिस्ताचे आचरण आणि त्याची शिकवण यांविषयी त्याला अपार आदर होता. प्रायश्चित्ताच्या सिद्धांताविषयी तो फारसा बोलत नसे. ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला येथे उणीव जाणवते, आणि ती झाकण्याचे मला कारण दिसत नाही.

१८४३ साल उजाडले. खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल त्या वर्षीच्या आरंभी त्याच्या हाती आला. आपल्या बारा वर्षांच्या वयातील ते दिवस त्याला आठवले नसतील तरच नवल. यावर एक पत्रक काढण्याचे त्याने ठरविले आणि मग थांबविले. सप्टेंबरात तो लंडनच्या फील्ड लेन भागातील 'रॅगेड स्कूल' पाहावयास गेला. फाटक्या कपड्यांतील, चोऱ्यामाऱ्या करून जगणाऱ्या मुलांसाठी काही ख्रिस्ती स्वयंसेवकांनी ती शाळा चालविली होती. जागा कोंदट, दुर्गंधी असह्य, आणि मुले शिक्षकांची टर उडविणारी. डिकन्सला शिक्षकांच्या निष्ठेचे कौतुक वाटले. पण ज्यांच्या अंगाला महिनोन् महिने पाणी लागलेले नाही, त्यांच्यापुढे धर्मसिद्धांतांची गूढे मांडण्याची घाई त्याला पटली नाही. मुलांना अंग धुण्याची सोय आणि मोठी खोली मिळावी म्हणून त्याने मदत देऊ केली. ऑक्टोबरात मँचेस्टर येथे कामगारांच्या शिक्षणासाठी भरलेल्या सभेत तो बोलला, आणि त्या सुमारास पत्रकाऐवजी गोष्ट लिहावी हे त्याच्या मनाने घेतले.

सुमारे सहा आठवड्यांत ती लिहून झाली. दिवसा लिहावयाचे आणि रात्री लंडनच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून मैलोन् मैल चालावयाचे, असा त्याचा क्रम होता. १९ डिसेंबर १८४३ रोजी पुस्तक बाहेर पडले, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती खपल्या. किंमत होती पाच शिलिंग. बॉस्टनच्या प्युरिटनांनी दोनशे वर्षांपूर्वी नाताळ पाळण्यास जो दंड ठेवला होता, नेमका तेवढाच आकडा! गोष्टीतील कारकून बॉब क्रॅचिट याचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग आहे, म्हणजे स्वतःची गोष्ट विकत घ्यावयास त्याला आठवड्याच्या पगारातील तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. पुस्तक सुबक व्हावे, रंगीत चित्रे असावीत, असा डिकन्सचाच हट्ट होता; त्यामुळे नफा अपेक्षेच्या मानाने अगदीच थोडा झाला. पुस्तकाची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांवर त्याने दावा लावला आणि जिंकलाही. पण प्रतिवादींनी दिवाळे काढले आणि खटल्याचा खर्च याच्याच गळ्यात पडला.

गोष्ट आपणांस ठाऊक आहे. कंजूष स्क्रूज, त्याच्या मृत भागीदाराचे भूत, मग भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन नाताळांचे आत्मे, आणि सकाळी पालटलेला स्क्रूज. मला येथे दुसरेच काही सांगावयाचे आहे. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला शब्द मोजण्याची खोड लागते, आणि त्या खोडीने मी 'कॅरल' वाचली. या नाताळच्या गोष्टीत येशू हे नाव येत नाही. गोठा, मेंढपाळ, देवदूतांचे गीत यांचे वर्णन नाही. चर्चमधील उपासनेचे म्हणाल, तर स्क्रूज नाताळच्या सकाळी चर्चला गेला, एवढे अर्धे वाक्य.

परंतु नाव नसले तरी वाटा त्याच्याकडेच जातात. पांगळा टिम वडिलांच्या खांद्यावर बसून चर्चहून परततो, आणि आपल्याला पाहून लोकांना पांगळ्यांना चालविणाऱ्याची आणि आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्याची आठवण व्हावी, अशी त्याची इच्छा असते. टिमच्या मृत्यूच्या दृश्यात घरातला थोरला मुलगा शास्त्रातील जे वाक्य वाचीत असतो, ते प्रभूने बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे केले त्या प्रसंगाचे आहे. वर्तमान नाताळचा आत्मा आपल्या झग्याखालून दोन भुकेली, हिंस्र मुले बाहेर काढून दाखवितो, मुलगा अज्ञानाचा आणि मुलगी दारिद्र्याची. फील्ड लेनच्या वर्गातून ती थेट तेथे आली आहेत. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा ज्यांना आपले कनिष्ठ बंधू म्हणतो, त्यांतलीच ही दोघे नव्हेत काय?

पुस्तकावर टीका झाली ती दोन्ही बाजूंनी. अर्थशास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'ने १८४४ मध्ये असा प्रश्न केला, की क्रॅचिटच्या घरी टर्की गेली खरी, पण तिच्यामुळे कोणाच्या ताटातील टर्की कमी झाली याचा हिशेब लेखकाने दिलेला नाही. एकंदर संपत्ती ठरलेली. एकाला दिले की दुसऱ्याचे जाते, असे हे गणित होते. धार्मिक बाजूची टीका पुढे आली. डिकन्सच्या मृत्यूनंतर जॉन रस्किनने एका पत्रात खंत व्यक्त केली, की या लेखकाच्या लेखी नाताळ म्हणजे हिरव्या डहाळ्या आणि पुडिंग; त्यात मेंढपाळ नाहीत, मागी नाहीत, तारा नाही. मार्गारेट ऑलिफंट या लेखिकेने १८७१ मध्ये, टर्कीच्या मांसाला आध्यात्मिक सामर्थ्य बहाल केल्याबद्दल त्याला चिमटा काढला. आज आपल्या व्यासपीठांवरून होणारी तक्रार याहून निराळी नाही. हेही लक्षात घ्यावे, की नाताळची पहिली व्यापारी शुभेच्छापत्रे लंडनमध्ये छापली गेली ती याच १८४३ सालच्या डिसेंबरात. मधल्या चित्रात मद्याचे पेले उंचावणारे कुटुंब, आणि दोन्ही कडांना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसे. मद्यपानबंदीच्या पुरस्कर्त्यांनी त्या पेल्यांवर हरकत घेतली. बाजाराचा नाताळ आणि दयेचा नाताळ त्या एकाच कागदावर छापलेले होते.

डिकन्सच्या नाताळात ख्रिस्त नाही, हा आरोप जाहीर पुस्तकापुरता खरा मानला, तरी त्याच्या घरात शिरल्यावर चित्र पालटते. १८४६ ते १८४९ या काळात त्याने आपल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने प्रभू येशूचे चरित्र लिहिले. मुख्य आधार लूककृत शुभवर्तमानाचा. भाषा अगदी सोपी, आईबापांनी मांडीवर घेऊन सांगावी तशी. बाळाला जेथे निजविले त्या गव्हाणीचा उल्लेख येतो, तेथे तो क्षणभर थांबून, घोडे जिच्यातून खातात ती जागा, असा खुलासा करतो. ते वाक्य वाचून मला हसू आले आणि हेवाही वाटला. लंडनच्या मुलाला घोडा दिसतो, आपल्या खेड्यातील मुलाला बैल दिसतो. आणि शहरात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना 'गव्हाण' म्हणजे काय ते सांगावे लागते. भाषांतरकाराला तळटीप देण्याची चैन असते. बापाला नसते, त्याने तेथल्या तेथे सांगितले पाहिजे.

या हस्तलिखितात दाखले आहेत, चमत्कार आहेत, वधस्तंभ आणि पुनरुत्थान आहे. ईश्वरविज्ञान मात्र पातळ आहे. चांगले वागणे, क्षमा करणे, गरिबाला तुच्छ न लेखणे, यांवर सारा भर. ते घरात मुलांना वाचून दाखविले जाई. प्रत्येक ओळ छापून पैसा मिळविणाऱ्या या लेखकाने एवढे एकच पुस्तक छापावयाचे नाही असा निर्धार केला आणि कुटुंबाने तो पाळला. जाहीर पुस्तकात ख्रिस्ताचे नाव नाही, आणि ज्या पुस्तकात ते पानोपानी आहे ते कपाटात! हे कशामुळे? पवित्र नाव बाजारात नेऊ नये, हा संकोच त्याच्या ठायी होता असे मला वाटते. आपल्यापैकी काहींना हा संकोच भेकडपणा वाटेल. ज्या काळी प्रत्येक दुकानदार ते नाव फलकावर लावतो, त्या काळात मला तो संकोच आदरणीय वाटू लागला आहे.

१८५३ च्या नाताळात बर्मिंगहॅम येथे त्याने 'कॅरल'चे पहिले जाहीर वाचन केले. त्यातले एक वाचन खास कामगारांसाठी, अगदी स्वस्त दराने व्हावे, हा त्याचाच आग्रह होता. चौदा वर्षांनी, २ डिसेंबर १८६७ रोजी, बॉस्टन येथील ट्रेमाँट टेंपल या बॅप्टिस्ट मंडळीच्या वास्तूत त्याने तीच गोष्ट तुडुंब भरलेल्या श्रोत्यांना ऐकविली. तोवर, १८५६ साली, मॅसॅच्युसेट्सने नाताळला कायदेशीर सुटी दिली होती. पाच शिलिंगांच्या दंडाचे ते शहर आता तिकिटांसाठी रांगा लावीत होते.

येथपर्यंतचे चरित्र सांगून मला थांबता आले असते, आणि डिसेंबरच्या अंकाला ते शोभलेही असते. पण आपण भारतातले ख्रिस्ती आहोत, आणि पुढचे पान आपल्यासाठीच आहे.

१८५७ च्या जुलैत डिकन्सचा सोळा वर्षांचा मुलगा वॉल्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात उमेदवार म्हणून भारतात यावयास निघाला. मे महिन्यातच मेरठला उठावाची ठिणगी पडली होती. कानपूरच्या कत्तलीच्या बातम्या शरद ऋतूपर्यंत इंग्लंडला पोहोचल्या. त्या ऑक्टोबरात अँजेला बर्डेट-कूट्स या आपल्या परोपकारी स्नेह्यांना लिहिलेल्या खासगी पत्रात डिकन्सने, आपण भारतात सेनापती असतो तर ही जातच पृथ्वीवरून नाहीशी करण्याचा प्रयत्न केला असता, अशा आशयाचा मजकूर लिहिला. याच बाईंच्या मदतीने त्याने दहा वर्षांपूर्वी रस्त्यावर आलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह उघडले होते; त्याच कागदावर, त्याच हाताने, हे शब्द आले. आणि त्या वर्षीच्या त्याच्या साप्ताहिकाचा नाताळ अंक? विल्की कॉलिन्सच्या साहाय्याने लिहिलेली सूडाची गोष्ट. स्थळ मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, पण प्रेरणा भारतातील उठावाची. तिच्यातील विश्वासघातकी स्थानिक माणसाचे नाव त्याने ख्रिश्चन जॉर्ज किंग असे ठेवले, आणि अखेर त्याला गोळीने मारले.

मुलाच्या जिवाची काळजी होती, सारे इंग्लंड त्या वेळी संतापाने पेटले होते, ही कारणे मी जाणतो आणि मान्यही करतो. तरीही ज्या लेखणीने चौदा वर्षांपूर्वी झग्याखालची दोन मुले बाहेर काढून दाखविली, तिला मेरठ-कानपूरकडची मुले दिसली नाहीत. नाताळचे प्रेम लंडनच्या वस्त्यांपर्यंत पोहोचले आणि समुद्रकिनाऱ्याशी थांबले. मेंढपाळांना सांगितलेला आनंद सर्व लोकांसाठी होता, हे लूकने नोंदविलेले आहे; आणि आपल्या मुलांसाठी हस्तलिखित लिहिताना डिकन्ससमोर लूकच उघडा होता.

दुसऱ्याच वर्षी घरही दुभंगले. दहा मुलांची आई असलेल्या कॅथरीनला त्याने दूर केले, आणि आपली बाजू मांडणारे निवेदन आपल्याच साप्ताहिकात छापले. एलेन टर्नन या तरुण अभिनेत्रीकडे त्याचे मन ओढले गेले होते. अग्निकुंडाभोवती जमलेले कुटुंब हे ज्याच्या नाताळचे मुख्य चित्र, त्याच्या घरातील पुढच्या नाताळांत मुलांची आई नव्हती. याहून अधिक त्याविषयी लिहीत नाही.

भारतात आलेला वॉल्टर लेफ्टनंट झाला. आजोबांचा वारसा त्याला लाभला होता. तोही कर्जात बुडाला. प्रकृती ढासळल्यामुळे रजेवर घरी परतण्याची तयारी चालू असताना ३१ डिसेंबर १८६३ रोजी कलकत्त्याच्या लष्करी रुग्णालयात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो अकस्मात मरण पावला. त्या काळी टपालाला आठवडे लागत. बातमी बापाच्या हाती पडली ती ७ फेब्रुवारी १८६४ रोजी, त्याच्या बावन्नाव्या वाढदिवशी.

डिकन्स पुढे सहा वर्षे जगला. १८६९ च्या मे महिन्यात केलेल्या मृत्युपत्रात त्याने आपला आत्मा येशू ख्रिस्ताद्वारे देवाच्या दयेवर सोपविला आणि मुलांना नव्या कराराच्या व्यापक आशयाप्रमाणे चालण्याची विनंती केली. अक्षराला चिकटून काढलेल्या कोणाच्याही संकुचित अर्थावर विसंबू नये, असे बजावले. १५ मार्च १८७० रोजी लंडनमध्ये झालेल्या निरोपाच्या वाचनात त्याने 'कॅरल'चीच निवड केली होती. ९ जून १८७० रोजी तो वारला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या संघराज्य सरकारने आपल्या राजधानीतील नोकरांसाठी नाताळची सुटी कायद्याने मंजूर केली.

कपाटातले हस्तलिखित आणखी चौसष्ट वर्षे तेथेच राहिले. त्याच्या मुलांपैकी शेवटचा, हेन्री, १९३३ च्या डिसेंबरात निवर्तला, आणि त्यानंतर १९३४ मध्ये 'द लाइफ ऑफ अवर लॉर्ड' या नावाने ते प्रसिद्ध झाले. ज्यांना ते प्रथम वाचून दाखविले गेले, त्यांत पाच-सात वर्षांचा वॉल्टरही होता.

वॉल्टरचे दफन कलकत्त्याच्या भवानीपूर येथील दफनभूमीत झाले. त्याच्या कबरीवरील शिळा पुढे तेथून हलवून साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आणून ठेवली गेली. त्याच पार्क स्ट्रीटवर आता दर डिसेंबरात दिव्यांच्या माळा लागतात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, आणि कोणताच धर्म न मानणारे, असे हजारो लोक मुलांना खांद्यावर घेऊन ती रोषणाई पाहावयास येतात. कधी त्या बाजूला आपले जाणे झाले, तर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडच्या झाडीत, ती शिळा आपणांस पाहावयास मिळेल.